सतराजणी कोअरवाल्या

फौंड्रीत बाईचं काय काम, असं लोक इचारायचं. मी सांगायची, लोखंडाचा रस साच्यात वततात, तवा आत पोकळी ऱ्हावी म्हणून मधी वाळूचा गाभा ठेवत्यात. त्याला कोअर म्हणत्यात. त्यो गाभा आमी बायका करायचो. वाळूत उसाची मळी कालवायची, पेटीत ठोकून भरायची, हलक्या हातानं सोडवायची आन् भट्टीत भाजायची. हात जरा जड पडला की कोना मोडला. मोडका गाभा लागला की आख्खा माल भंगारात. बाप्यास्नी ते जमायचं न्हाय.

नवरा झाडावरनं पडून अंथरुणाला लागला, तवा मी ह्या कामाला गेलते. पोरगी दुसरीत व्हती. उचगावातनं सकाळी चालत जायचं. माहेर शाहूवाडीकडं, लहानपणापास्नं भातलावणीत वाकलेली, त्यामुळं पाठीचं काय वाटायचं न्हाय. तरास व्हता तो येगळाच. बायकांस्नी लघवीला जायला मोरी न्हवती. आफिसात एक व्हती, तिला कुलूप. मग सकाळी घोटभर पाणी प्यायचं आन् पार सुटीपातुर थेंब न्हाय. भट्टीम्होरं. जळजळ व्हायची, ताप यायचा. कोण कुणाला बोलायचं न्हाय. मी बी लई वर्सं बोलले न्हाय.

मग माल परदेशात जायला लागला. तिकडच्या गिऱ्हाइकाला दरसाल एक पुस्तक पाठवायला लागायचं. कारखाना धूर किती सोडतो, पाणी किती वापरतो, बायका किती हाईत, त्यास्नी बाप्याच्या बरोबरीनं वागवत्यात का न्हाय, समदं त्यात. तपासायला तिकडनं माणसं यायची. ती यायची असली की ठेकेदाराचा मुकादम आदल्या दिशी सांगायचा, "वैनी, उद्या समद्याजणी घरीच ऱ्हावा. पावणं येणार हाईत." आमाला वाटायचं, बरं झालं, एक दिस इसावा.

एकदा आफिसातली नवी पोरगी कागद घिऊन आमच्याकडं आली. ते पुस्तक लिवायचं काम तिच्याकडंच दिलंतं. ती म्हणली, "मावशी, तुम्ही इथं किती वर्षं आहात?"

"पोरगी दुसरीत व्हती, आता बारावी झाली. कर हिशेब."

"पण माझ्या कागदावर कारखान्यात बायका शून्य आहेत."

"शून्य? मग हे कोअर काय भुतं करत्यात व्हय?"

समद्या हसल्या. पोरगी बी हसली, मग तिचा चेहरा उतरला. आमी ठेकेदाराच्या वहीत, कारखान्याच्या वहीत आमी न्हाईच. घरी जाताना वाटंनं मला त्येवडंच ऐकू येत व्हतं. शून्य.

म्होरल्या खेपंला पावणं यायचं व्हतं, तवा मुकादमानं घरी बसायला सांगिटलं. मी तरीबी कामाला गेले.

"वैनी, तुमाला सांगिटलं न्हवं?"

"सांगिटलं की."

"मग?"

"मग आले."

"काम जाईल तुमचं."

"जाऊंदे. गाभं कोण काढणार, तुमी?"

पेटी घितली आन् बसले. काम गेलं असतं तर घरात चूल कशी पेटवायची, ते मला ठावं न्हवतं. मुकाट वाळू भरत व्हते. मान वर केली तर बाकीच्या सोळाजणी फाटकातनं आत येत व्हत्या. मी काय त्यास्नी बोलावलं न्हवतं.

पावण्यांत एक उंच गोरी बाई व्हती. ती इचारायची, आफिसातली पोरगी मराठीत सांगायची. मोरीचं इचारलं. मी म्हणले, "न्हाय. म्हणून सुटीपातुर पाणी पीत न्हाय आमी." पोरगीनं वळून कारखान्याच्या सायबाकडं बघिटलं. मागं सायब खोकलं.

"सांग की पोरी. जसं हाय तसं सांग."

तिनं सांगिटलं. गोऱ्या बाईनं ते लिवून घितलं. मग तिनं एक गाभा दोनी हातांत धरून बघिटला आन् इचारलं, हे तुमाला कुणी शिकीवलं?

"एका म्हातारीनं. पुढं ह्या समद्यास्नी मी शिकीवलं. मुकादमाला बी शिकीवलं, त्याला आलं न्हाय."

दुसऱ्या दिवसापास्नं मुकादमानं मला येऊ नगं म्हणून सांगिटलं. आठ दिस दुसऱ्याच्या रानात तण भांगलत व्हते. नवव्या दिशी त्योच लुना घिऊन दारात.

"चला वैनी, सायब बोलावत्यात."

"गाभं मोडत्यात व्हय?"

"मोडत्यात की. आन् ती गोरी बाई बी तुमा समद्याजणींच्या नावांचा कागद मागती. बसा मागं."

"तू हो म्होरं. मी चालत येतो."

त्या साली आमची मोरी बांधली, आतनं कडी आसलेली. सतराजणींची नावं कारखान्याच्या वहीत चढली. मग ते पुस्तक छापून आलं. आफिसातल्या पोरगीनं पान उघडलं, बोट ठेवलं. "हे बघा मावशी. बायका, सतरा."

"फुडं काय लिवलंय?"

"हेल्पर."

"म्हंजे हाताखालचं माणूस न्हवं? आमी कुणाच्या हाताखाली?"

"मावशी, छापून झालं हो आता."

"मग म्होरल्या साली बदल. मी हाय हितंच."

म्होरल्या साली ती नवं पुस्तक घिऊन आपणहून पळत आली. इंग्लिश मला कुठलं यायला. तिनं वाचलं, 'कोअर मेकर, स्त्रिया, सतरा.' परत वाच म्हणले. तिनं परत वाचलं. समद्यास्नी हाक मारली. भट्टीत माल व्हता म्हणून एकजण तितंच थांबली, तिला मी सोता जाऊन सांगिटलं.