आधीच कुणीतरी

काल विद्यापीठाच्या ग्रंथालयात समोर बसलेल्या मुलीने एका नियतकालिकाचा जुना अंक बंद केला आणि डोळे मिटून मोठा श्वास सोडला. तिला काय सापडलं असेल कोण जाणे. मला मात्र माझा एमएस्सीचा गणिताचा प्रकल्प आठवला.

त्या प्रकल्पासाठी मी एक छोटं प्रमेय स्वतः सिद्ध केलं होतं. पण सिद्धतेत कुठेतरी चूक राहिली असेल, या धास्तीने जिवाला स्वस्थता नव्हती. संदर्भ धुंडाळताना एका शोधनिबंधात तेच प्रमेय दिसलं, माझ्या जन्माच्याही आधी छापलेलं. रडवेली होऊन मी मार्गदर्शक बाईंकडे गेले.

"बाई, हे आधीच कुणीतरी केलंय."

बाईंनी दोन्ही सिद्धता शेजारी-शेजारी ठेवून सावकाश वाचल्या. मग त्या हसल्या. "अगं, म्हणजे तुझं बरोबर आहे! त्यांचं नाव संदर्भात लिही आणि पुढचं प्रकरण घे."

ते अनोळखी नाव संदर्भसूचीत लिहिताना आपला शोध गेल्याचं वाईट वाटेल, असं मी धरून चालले होते. वाटली ती सोबत. त्या दुपारी मेसमध्ये मी चक्क दोनदा भात मागून घेतला.