गालावरचा विंचू

भाजलेल्या बायकांच्या त्या वॉर्डात आरसा नव्हता. स्टीलची ताटंसुद्धा नव्हती, कारण त्यांत तोंड दिसतं. खिडक्यांच्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली होती, तीही निविदांची पानं. फोटोतले हसरे चेहरे तिथे कुणालाच नको होते. निवृत्तीनंतर मी नारायण पेठेतून दुपारी तिथे जायचे, बायकांशी बोलत बसायला. शाळेत आयुष्यभर बडबडच केली, तीच पुढे चालू. एक प्लास्टिक सर्जन तिथे फुकट ऑपरेशनं करायचे. एरवी स्वतःच्या दवाखान्यात ते लोकांची नाकं सरळ करत, इथे मात्र नाकच नव्याने बनवावं लागे.

तिथे हिंजवडीजवळच्या कारखान्यात काम करणारी एक बाई होती, मूळची यवतमाळकडची. घरात गॅसचा भडका उडून तिचा चेहरा गेला होता. तेव्हापासून लहान मुलगी गावी आजीकडे. फोनवर ती मुलीशी भरभरून बोलायची, पण व्हिडिओ लावू का असं कुणी म्हटलं की फोन पालथा घालायची. मुलगी आपल्याला ओळखेल का, एवढा एकच घोर तिला लागला होता.

डाव्या गालासाठी कातडी घ्यायची, तर चांगली जागा एकच उरली होती, दंडाची आतली बाजू. आणि तिथे जत्रेत गोंदवलेला हिरवा विंचू. डॉक्टर म्हणाले, "आपण तेवढा भाग वगळू. गाल म्हणजे जत्रेतली पाटी नव्हे."

"नाही साहेब, विंचूच घ्या," ती म्हणाली. "त्याच्यावर बोट ठेवल्याबिगर माही पोरगी झोपत नाही. तिले वळखू येईन."

डॉक्टर आधी चिडले, आणि शेवटी तिने सांगितलं तसंच केलं.

पट्टी निघाली तेव्हा गाल जांभळा होता आणि विंचवाचा मागमूस नव्हता. मला तर सुटल्यासारखं वाटलं. ती मात्र रोज विचारायची, "बाई, दिसते का?" तिथे तिचा आरसा मीच. मग एका संध्याकाळी, कागदांतून पिवळट उजेड आत येत असताना, मला नांगी दिसली. नुसती नांगी. काही दिवसांनी पाय वर आले. कातडी आकसली तसा तो वळत गेला आणि डोळ्याकडे तोंड करून बसला. ती बोलली की हलायचा. शेजारच्या खाटेवरची बाई तिच्याकडे पाठ करून झोपू लागली. मीही घरी अंथरूण झटकल्याशिवाय पडत नसे. हसायचं तर हसा, पण मला भीती वाटत होती.

सूज उतरल्यावर नवरा मुलीला घेऊन आला. पोरगी दारातच थबकली. तिने एकदा आईकडे पाहिलं आणि बापाच्या पायाला बिलगली. रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

"ये ना माय," आई म्हणाली.

आवाज ओळखीचा होता. पोरीने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग वाकून खाटेखाली पाहिलं. आई तिथे लपलीय, असं तिला वाटलं.

बाईने डावा गाल तिच्याकडे केला. पोरगी विंचवाकडे बघत राहिली. मग आईच्या दंडाकडे, जिथे आता नुसता व्रण होता. बापाचा पाय सोडून ती हळूच खाटेवर चढली, डोळे गच्च मिटले आणि चाचपडत बोट गालावर ठेवलं.

"डोये उघड ना," आई म्हणाली.

पोरीने मान हलवली. नाही.

प्रवासाने दमलेली ती तशीच झोपली, बोट विंचवावर. आई जराही हलली नाही. श्वासही बेताने घेत होती. बऱ्याच वेळाने तिने मला अगदी हलक्या आवाजात विचारलं, "बाई, उठल्यावर त पोरगी डोये उघडीनच ना?"