उलट्या फळीवरची मेरी

माझी ताई एकोणीस वर्षं फक्त कपडे रंगवत होती. आमच्या कारखान्यात पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या नेदरलँड्समधल्या धार्मिक चित्रांच्या तैलरंगात नकला करतात, सगळं हातानं, आणि इथे एक माणूस एकच गोष्ट करतो. खिडकीतून दिसणारं लांबचं गाव एकाचं, फरश्या दुसऱ्याच्या, सोनेरी काम तिसरीचं. ताईकडे येशूच्या आईचे, मेरीचे झगे. झगा जमिनीवर पसरला की त्याला ज्या शंभर चुण्या पडतात, त्या ताईनंच कराव्यात. मी तिची धाकटी बहीण. वार्निश लावते आणि चित्रं खोक्यात भरते, त्यामुळे सगळ्यांच्या चुका आधी मला दिसतात. गप्प बसायचा माझा स्वभाव नाही, हे इथल्या भिंतींनाही माहीत आहे.

चेहरे काढायचा मान काकांचा. काका आमचे कोणी नव्हेत, सगळ्यांचेच काका. मोठ्या खिडकीशी त्यांची खुर्ची, आणि तिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. ताईला ती खुर्ची हवी होती. सगळे चहाला गेले की ती खुर्चीमागे उभी राहून समोरच्या चित्र लावायच्या रिकाम्या ईझलकडे बघत बसायची. म्हणजे उभीच. मी म्हणायचे, अगं, टेक की जरा, कोण बघतंय. तर म्हणे, बसेन तर हक्कानं बसेन. घ्या. आमच्या घरातला सगळा मानीपणा देवानं एकटीलाच देऊन टाकला.

मग काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं, जाड चष्मा आला, पण डॉक्टरांनी बारीक काम बंद म्हणजे बंद असं सांगितलं. मालक बाहेरून माणूस आणायला निघाले. आणि आमची ताई, जी मालकांसमोर पगारवाढीचा ‘प’ काढत नाही, ती सरळ जाऊन म्हणाली की एक चेहरा मला द्या. मालक चक्रावले. शेवटी ठरलं असं: देवदूत येऊन मेरीला बाळ होणार म्हणून सांगतो, ते चित्र एका मठाला हवं होतं. त्यात मेरीचा चेहरा ताईनं काढायचा. मठाच्या मोठ्या सिस्टरना पसंत पडला तर खुर्ची ताईची. नाहीतर जन्मभर चुण्या. आणि या सिस्टरनी मागे एक चित्र फरशी एक कमी आहे म्हणून परत पाठवलं होतं. मोजून.

पहिला चेहरा बटाट्यासारखा झाला. दुसरा दाढ दुखणाऱ्या बाईचा. दोन्ही खरवडून टाकले. चेहरा समोर दिसला की माझा हात गार पडतो, असं म्हणून ताई दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, जे बघून नक्कल करतो ते मूळ चित्राचं छापील चित्र तिनं उलटं टांगलं आणि रंगवायची लाकडी फळीही उलटी ठेवली. झालं. चेहराच गायब. पापणी म्हणजे एक चुणी, नाकपुडी म्हणजे एक चुणी, ओठ म्हणजे एकीवर एक दोन चुण्या. चुण्यांत हिचा हात कोण धरणार? बाई गुणगुणत रंगवायला लागली. स्वतः इतकी खुशीत की कानापर्यंत हसत होती, आणि ते हसू कुठे चाललंय हे मला मेलीला तेव्हा कळलं नाही. एकच अट, काम संपेपर्यंत फळी सरळ करायची नाही. केली की हात पुन्हा गार पडेल.

सिस्टर अकराला येणार होत्या. दहा वाजता आम्ही फळी सरळ केली.

मेरी हसू दाबत होती. छापील चित्रात ती कशी शांत, पापण्या खाली. आमच्या मेरीच्याही पापण्या खाली, नाक तेच, सगळं तेच, फक्त ओठांचे कोपरे किंचित वर आणि गालात थोडा फुगवटा. समोर देवदूत बोट वर करून गंभीरपणे सांगतोय आणि ही आता कुठल्याही क्षणी फिस्सकन फुटणार. आधी मी फुटले. मग सोनेरी कामवाली. फरशीवाला तर पोट धरून खालीच बसला. काय गोंधळ आहे म्हणून मालक ओरडत आले, त्यांनी चित्र पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते त्यांचे.

ताई हसत नव्हती. ती पांढरीफटक पडली होती. मग माझंही हसू विरलं.

रंग वाळलेला, खरवडून नवा चेहरा काढायला वेळ नाही. मालक म्हणाले, काका, वरून दोन हात मारा, ओठ खाली आणा. डॉक्टर गेले उडत. पण मग चेहरा काकांचा झाला असता, आणि खुर्ची गेली असती. ताईला हे कळत होतं, तरी तिनं स्वतःच्या हातानं ब्रश काकांना दिला. मला तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. काकांनी नाक जवळजवळ फळीला टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिले. तेवढ्यात सिस्टर आल्याच, वेळेआधी. अशी माणसं वेळेवर कधी येत नाहीत.

सिस्टर चित्रासमोर उभ्या राहिल्या. चेहरा कुणी काढला, असं त्यांनी विचारलं. आमच्या शूर मालकांनी काकांकडे बोट केलं. ब्रश त्यांच्याच हातात होता ना.

“मी नाही,” काका म्हणाले. “तीस वर्षं हिचा चेहरा काढतोय मी, सिस्टर. माझ्यासमोर ही एकदाही हसली नाही.” आणि त्यांनी ब्रश ताईच्या हातात परत दिला.

सिस्टरनी ताईकडे पाहिलं, मग मेरीकडे. फरश्या मोजल्या नाहीत.

“हे आमच्या जेवणघरात लागणार आहे,” त्या म्हणाल्या. “आम्ही एकोणचाळीस जणी. जेवताना बोलायचं नाही असा नियम आहे. हसणारी एक तरी असू दे समोर.”

काकांनी खुर्ची मागे ओढून धरली. ताई बसली, आणि सकाळपासून न हसलेली माझी बहीण जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. मी मेरीला खोक्यात भरत होते. खोटं कशाला बोलू, मीही रडले.