राजाला पाठुंगळी घेणारी हविसा

आमच्या कोल्डफर्डला टेम नदीवर पूल नाही. उतार आहे. उन्हाळ्यात पोटरीभर पाणी, पानगळीच्या दिवसांत कमरेइतकं, आणि त्यानंतर कुणी विचारूच नये. या उताराला लागून ऑसबर्टचं शेत होतं. तांबडी, कसदार जमीन. आम्ही सगळे आठवड्यातले निम्मे दिवस जमीनदाराच्या शेतात राबायचो, ऑसबर्ट मात्र कुणाच्या शेतात राबत नसे. त्याच्या खापरपणज्याला ती जमीन कुठल्याशा राजानं दिली होती, ती एकाच अटीवर. राजा या वाटेनं आला, की त्याला पाठुंगळी घेऊन नदीपलीकडे पोचवायचं. बस्स.

आता राजा काही येत नव्हता. जवळच्या लुडलो शहरात चांगला दगडी पूल असताना तो आमच्या चिखलात कशाला येईल? माझ्या आज्यानं राजा पाहिला नाही, बापानं पाहिला नाही. पण ऑसबर्ट इमानी माणूस. दर वर्षी पानगळीत, सेंट मायकेलच्या सणाला तो नवी टोपी घालून उतारावर यायचा, बार्लीचं एक भलंमोठं पोतं पाठीवर घ्यायचा आणि नदी ओलांडायचा. सवय मोडायला नको म्हणून. पोत्याशी बोलायचाही अदबीनं. “सांभाळून महाराज. इथं जरा निसरडं आहे महाराज.” पलीकडे पोत्याला लवून नमस्कार करायचा. मग त्याच बार्लीची बिअर व्हायची आणि सगळं गाव महाराजांना पिऊन टाकायचं.

ऑसबर्टला मुलगा नव्हता. हविसा एकुलती एक. बापाचे गुडघे धरले तेव्हा पोतं तिनं उचललं. ती अंगानं दांडगी, हात माझ्यासारखे. मी गावचा लोहार आहे, म्हणजे समजा. आणि तोंड बापाचं नव्हतं. पोत्याला ती म्हणायची, “महाराज, यंदा फार खाल्लंत बरं का.”

ऑसबर्ट एका वसंतात गेला. त्याला मूठमाती देऊन आम्ही परतलो, तर अंगणात हॅमो उभा. हा हॅमो आमच्या भागाचा कारभारी, म्हणजे राजाच्या अंमलदाराचा इथला हात. काडीसारखा माणूस, पण रुबाब असा की कोंबड्यासुद्धा वाट सोडायच्या.

“हविसा,” तो म्हणाला, “दुःख मोठं आहे, पण कायदा त्याहून मोठा. बाईमाणूस राजाला पाठीवर घेणार का? जमीन आता राजाकडे परत जाणार.”

“मग?”

“मग काय, नवरा केलास तर जमीन राहील. काम नवरा करेल. तुझं लग्न राजाच्या परवानगीशिवाय होत नाही, पण ते मी बघतो. लांब कशाला जायचं? मीच आहे की.”

हविसानं त्याला खालून वर न्याहाळलं. न्याहाळायला फार वेळ लागला नाही.

“गावाचे कारभारी आहात तेवढं पुरे आहे,” ती म्हणाली. “माझे कारभारी व्हायला बघू नका.”

हॅमोचे कान लाल झाले. “पानगळीत राजाचे न्यायाधीश येतायत. कोण कुठली जमीन कशाबद्दल खातोय त्याची चौकशी आहे. तेव्हा बोल हे.”

तो उन्हाळा हविसानं नुसता काढला नाही. जो भेटेल त्याला तिनं नदीपार केलं. मेंढ्या नेल्या, वासरं नेली, आमचा जाडा पाद्री नेला. पाद्री जाताना प्रार्थना म्हणत होता आणि येताना गाणं. एक दिवस ती माझ्या भट्टीशी आली. “काका, चला.”

“मला पलीकडे काही काम नाही गं.”

“मला आहे. तुमच्याएवढं वजन गावात दुसऱ्या कुणाचं नाही.”

गेलो. काय करणार?

न्यायाधीश आले ते सर वॉरिन. त्यांच्या घोड्यानं आमच्या दारात असा सुस्कारा टाकला, की आम्हाला घोड्याचीच दया आली. माणूस म्हणजे पिंप. लाल चेहरा, फरचा झगा, आणि आठवडाभर गावोगावचे तंटे ऐकून आंबलेला जीव. चर्चमध्ये बाक मांडले. आम्ही बारा पंच. शुभवर्तमानावर हात ठेवून खरं सांगायची शपथ घेतली.

“उतारालगतची जमीन कशाच्या बदल्यात?” सर वॉरिननी जांभई देत विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शेवटी मीच म्हणालो, “सरकार, राजाला पाठुंगळी घेण्याच्या.”

जांभई अर्ध्यावरच थांबली. “कशावर घेण्याच्या?”

“पाठीवर सरकार. नदीतून.”

सर वॉरिन असे हसले की कारकुनाला त्यांची पाठ थोपटावी लागली. डोळे पुसून त्यांनी विचारलं, “आणि हे काम हल्ली कोण करतं?”

“मी. दर वर्षी बार्लीचं पोतं नेते,” हविसा पुढे येत म्हणाली.

लगेच हॅमो उठला. “सरकार, ही बाई आहे! राजानं बाईच्या पाठीवर बसायचं? शोभतं का ते?”

“आईच्या कडेवर बसलाच असेल की तो,” हविसा म्हणाली. “तेव्हा शोभलं, आता काय झालं?”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर वॉरिननी हात वर केला, पण त्यांचंही पोट हलत होतं. “मुली, शोभेचं मी बघतो. जमतं का ते सांग. राजा काही पोतं नव्हे.”

“बघायचं असेल तर नदी बाहेरच आहे, सरकार. राजाच्या नावानं न्याय करता, तर राजाच्या नावानं पाठीवरही बसा.”

मला वाटलं, गेली पोरगी, आता कोठडीच. पण आठवडाभर मेंढ्यांचे तंटे ऐकलेला माणूस तो. त्यांनी झगा आवरला. “चला. आणि कारभारी, ही मला तिकडे नेईल, तुम्ही परत आणा. बघू जमीन कुणाला झेपते.”

हॅमोनं नदीकडे पाहिलं, मग सर वॉरिनच्या पोटाकडे.

सगळं गाव काठावर जमलं. पाणी कमरेइतकं, थंडगार. हविसानं झग्याचा घोळ कमरेला खोचला, वाकली, आणि सर वॉरिन तिच्या पाठीवर चढले. म्हणजे आम्ही चौघांनी त्यांना चढवलं. त्यांनी धरायला जागा शोधली आणि तिचे दोन्ही कान घट्ट धरले.

निघाली. पाऊल मोजून, पाठ ताठ. “सांभाळून महाराज,” जुन्या सवयीनं ती पुटपुटत होती. सर वॉरिनना ते आवडलेलं दिसलं. त्यांनी आमच्याकडे बघून हातही हलवला, आणि लगेच तो परत कानावर ठेवला.

बरोबर मधोमध, जिथं धार जोरात आहे, तिथं हविसा थांबली.

आम्ही वाट पाहिली. ती जागची हलेना. मान खाली, दात आवळलेले. सर वॉरिननी खाली पाहिलं. चहूकडे काळं पाणी वळसे घेत होतं.

“काय झालं?” ते म्हणाले. उत्तर नाही. “अगं चल ना! का थांबलीस?” उत्तर नाही. त्यांचा चेहरा लालचा पांढरा झाला. आम्हाला काठावरून दिसत होतं, त्यांना वाटतंय, ही मुद्दाम अडून उभी राहिलीय.

“बरं!” ते ओरडले. “जमीन तुझी!”

हविसा हलली नाही.

“तुझ्या पोराबाळांचीसुद्धा! मुलगी असो की मुलगा!”

काही नाही. फक्त एक खांदा जरासा कलला, आणि सर वॉरिननी जी किंकाळी फोडली ती लुडलोच्या पुलावर ऐकू गेली असेल.

“आणि लग्नही तुझ्या मर्जीनं! कुणाला विचारायला नको! कारकुना, लिही! लिहिलंस का?”

“लिहिलं सरकार!” कारकून काठावरून ओरडला.

हविसा एकदम हुंकारली, पुढे झाली, आणि पाणी कापत पलीकडे पोचली. सर वॉरिनना तिनं गवतावर अलगद उतरवलं आणि लवून नमस्कार केला. मग कान चोळत म्हणाली, “माफ करा सरकार. दोन दगडांत पाय अडकला होता. तुम्ही मधे काहीतरी बोलत होतात का? कान दाबलेले होते, काही ऐकूच आलं नाही.”

हे तिचं बोलणं पाण्यावरून आमच्यापर्यंत स्पष्ट आलं. आम्ही बारा जणांनी, शपथ घेतलेल्या माणसांनी, एकदम जमिनीकडे बघायला सुरुवात केली.

सर वॉरिन गवतावर बसून राहिले. तिच्याकडे पाहिलं, काठावर लेखणी धरून उभ्या कारकुनाकडे पाहिलं, सगळ्या गावाकडे पाहिलं. मग हळूहळू त्यांचं पोट हलायला लागलं. “काही नाही गं,” ते म्हणाले. “तुझ्या बापाची जमीन तुझ्या नावे केली, एवढंच. आणि आणखी थोडंफार. ते लोक सांगतील.”

आता परत आणायची पाळी हॅमोची. तो पाण्यात शिरला, गुडघ्यापर्यंत पोचला आणि तिथंच त्याला कंबरदुखी आठवली. जुनी होती म्हणे, हवा बदलली की उठायची.

“तिथंच थांबा कारभारी,” सर वॉरिन पलीकडून म्हणाले. “तुम्हाला पाहूनच मला गार वाटतंय.” आणि आपण होऊन हविसाच्या पाठीवर बसले. या वेळी त्यांनी तिचे खांदे धरले. अर्ध्या वाटेत दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मागाहून कळलं, ते तिला मासे कुठले चांगले मिळतात ते विचारत होते.

हॅमो पुढे फार दिवस आमच्या गावात दिसला नाही. कामं तो निरोपावर भागवायचा.

हविसानं लग्न केलं ते छपरं शाकारणाऱ्या विस्टनशी. बुटका, मितभाषी गडी. तिला मागणी घालायला बरेच आले होते, तांबडी जमीन कुणाला नको? मी एकदा विचारलं, “यालाच का गं?”

“काका, त्या दिवशीची गोष्ट सगळ्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावली. सरकार कसे किंचाळले, हॅमोची कंबर कशी दुखली. पाणी गार होतं का, हे यानं एकट्यानं विचारलं.”

“मग काय सांगितलंस?”

“खूप गार होतं म्हटलं. त्यानं आपली घोंगडी काढून दिली. सहा महिन्यांनी! मे महिना होता.” आणि ती खो खो हसत सुटली.

तिला तीन मुली झाल्या, तिघीही विस्टनवर गेल्या, बुटक्या. एकदा बातमी आली की खुद्द राजा लुडलोला येतोय. हविसानं आठ दिवस उतारावरचे दगड काढले, वाट साफ केली. राजा पुलावरून गेला. तरी ती आणि मी त्याला बघायला लुडलोला चालत गेलो. गर्दीत मला नुसतं एक घोड्याचं शेपूट दिसलं. ती उंच, तिला सगळं दिसलं.

“कसा आहे?” मी विचारलं.

“सर्दी झालीय बिचाऱ्याला,” ती म्हणाली. “नाक पुसत होता.” आणि मग आम्ही बाजारात गेलो. तिला मुलींसाठी रिबिनी हव्या होत्या, आणि रंगावरून तिचं दुकानदाराशी असं भांडण जुंपलं की घरी पोचायला आम्हाला संध्याकाळ झाली.