शेजाऱ्यांचं पदक

उमरखेडात आमच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांना परदेशातला एक पुरस्कार मिळाला आहे. विज्ञान, संस्कृती आणि समाज, तिन्हींसाठी मिळून एकच. त्याचं पदक ते लग्नातच काय, मयतीलाही गळ्यात घालून येतात आणि बोलता बोलता अंगठ्याने पुसत राहतात. मला त्या पदकाचा पहिल्यापासून संशय होता.

परवा ते माझ्या बायकोकडे आले. ती झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांत नर्स होती. तिथे तिने कितीतरी अडलेल्या बायका सोडवल्या, पण त्याबद्दल तिला कधी कोणी साधा नारळही दिला नाही.

"वहिनी, औंदा या पुरस्काराले तुमचं नाव देऊन राह्यलो," ते म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. "माह्या कामाचं कोणी सांगितलं तुमाले?"

"कोणतं काम?"

"मंग नाव कायले देता?"

"कामाचं काही नाही वहिनी. एक चांगला फोटो लागते."

"तुमाले कशासाठी भेटला मंग?"

गृहस्थांनी पदक अंगठ्याने पुसलं. मग हळू आवाजात म्हणाले, "म्याबी पुरस्कार देणाऱ्याइले हेच इचारलं होतं. अजून उत्तर नाही आलं."

आणि आम्हाला ते ठाऊक असेल, अशा आशेने ते आमच्याकडे पाहत राहिले.