पवनेच्या माळावरची जाळरेषा

माझ्या कॅम्पच्या शेकोटीनं वणवा लागला, असं गावात अजून बोललं जातं. मी ते कधी मान्य केलं नाही, करणारही नाही. त्या वर्षी आग पश्चिमेच्या उतारावरून वाऱ्याबरोबर आली आणि माझे तंबू, स्वयंपाकाची शेड, नुकती जीव धरलेली आंब्याची रोपं, सगळं खाऊन गेली. ज्याचं जळलं त्यालाच गावानं आग लावणारा ठरवलं. लोणावळ्याला पॉइंटवर कणसं भाजून विकणारा माणूस मी. पुढे तंबू भाड्यानं देत देत पवनेच्या काठावर ही जागा उभी केली होती. ती पुन्हा उभी केली. पण पुन्हा वणवा आला असता तर माझा कॅम्प जळालाच असता आणि बोटही माझ्याकडेच दाखवलं गेलं असतं. मग या गावात मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

म्हणून मला जाळरेषा हवी होती. वणव्याचे दिवस सुरू व्हायच्या आधी गवताचा एक पट्टा मुद्दाम, डोळ्यांदेखत जाळून टाकायचा. नंतर आग आली तरी तिथं तिला खायला काही उरत नाही. वनखातं दरवर्षी अशा रेषा काढतं, पण त्या वर, डोंगराच्या धारेवर. खालचा माझा माळ त्यात कधी आला नाही.

"खासगी जागेच्या सोयीसाठी रेषा वळवता येत नाही," वनपाल म्हणाले.

"साहेब, आग काय सातबारा बघून येते?"

माझा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई दारातून डोकावला. पण ओरडून झाल्यावर मी खुर्ची पुढे ओढली आणि सौद्याला बसलो. माणसं माझी, जेवण माझं, पाण्याचा टँकर माझा. परवानगी आणि वनरक्षक तुमचे. रेषा खासगी जागेत नको ना, मग वनाच्या हद्दीतच, माझ्या बांधाला लागून काढा. साहेबांनी नकाशावर माझा बांध शोधला आणि ते म्हणाले, गावच्या वन समितीची हरकत नसेल तर बघू.

वन समितीचे अध्यक्ष म्हणजे आबा. माझ्या शेकोटीचं नाव गावात पहिल्यांदा घेतलं ते यांनीच. त्यांचा गोठा माझ्या कॅम्पच्या वरच्या अंगाला, म्हणजे रेषेनं दोघांचंही राखलं जाणार होतं. पण तसं कबूल करतील तर ते आबा कसले!

"गवत कापून झाल्याबिगर तितं काडी लावू देणार न्हाई," ते म्हणाले.

"कापून देतो."

"गोठ्यावर पोचवायचं कुणी?"

"माझा टेम्पो पोचवेल."

"आन गंज?"

गोठ्याशेजारी गवताची गंजही मीच रचून दिली. रचताना आबा खाली उभं राहून चुका काढत होते.

ठरल्या दिवशी सकाळी दव उडाल्यावर सगळे जमलो. वनरक्षक मॅडम होत्या, माझी माणसं होती आणि गावातल्या बायाबापड्याही आल्या होत्या. कापल्यावर उरलेली खुंटं आणि पाचोळा जाळायचा होता. आग कशी चालवायची हे इथं कुणाला सांगावं लागत नाही, कारण दर उन्हाळ्यात भाताच्या रोपवाटिकेसाठी सगळेच राब भाजतात. शेण, फांद्या, पालापाचोळा जमिनीवर पसरायचा, वरून बारीक माती टाकायची आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं. माती असते म्हणून राब भडकत नाही, आतल्या आत सावकाश जळतो आणि जमीन खोलवर भाजून निघते.

मॅडमनीही तीच दिशा सांगितली. वारा पश्चिमेचा, म्हणून काडी पूर्वेच्या कडेला. आणि मग मी जे पाहिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझं सगळं घेऊन गेलेली ती आग गुडघ्याएवढी होऊन, वाऱ्याकडे तोंड करून, पाऊल पाऊल मागे सरकत होती. बाया हातात ओल्या फांद्या घेऊन तिच्या कडेनं चालत होत्या. कुठं जीभ बाहेर काढलीच तर "ए, हितं न्हाई" म्हणत फांदीनं दाबत होत्या. ती ऐकत होती. पाण्यापासून कड्यापर्यंत तिच्यामागे काळी जमीन उघडी पडत गेली.

पट्ट्याच्या पलीकडच्या कडेला, पार खाली, एका जुन्या झाडाचं खोड धुमसत होतं. टँकर तोवर रिकामा झाला होता. आबांनी फावड्यानं त्यावर माती ओढली, वरून थोपटली आणि ते पुढे गेले. मी बघत होतो. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि नेमका तिथूनच धूर निघाला. मी टँकरसाठी फोन करत पट्ट्यावर पोचेपर्यंत पलीकडचं कमरेएवढं गवत पेटलं होतं. कालची आग आणि ही आग एकच, यावर विश्वास बसेना. ती उतार चढत नव्हती, उतार ओढून घेत होती. एखादी भरलेली मालगाडी घाटात चढावी तसा आवाज होता. झुडपं ज्वाळा पोचायच्या आधीच पेटत होती. वर घारी घिरट्या घालत होत्या, पायाजवळून सरडे, नाकतोडे काळ्या जमिनीवर उड्या घेत होते. धूर बघून मॅडम, आबा आणि गावातली माणसं धावून आली होती; आम्ही राखेत रांगेनं उभे होतो. माझ्या पाठीशी कॅम्प, वर आबांचा गोठा. वारा तिला आमच्याकडे ढकलत होता आणि ती सबंध अंगानं पट्ट्यावर कलत होती.

आणि पट्ट्याच्या कडेला ती थांबत होती. तोंडावर ऊन मारावं तशी झळ यायची, ठिणग्या उडून राखेत पडायच्या आणि विझायच्या. पुढे काही नव्हतंच. एवढी मोठी आग आणि मोकळ्या जमिनीपुढे तिचं काही चालेना! मी हातातली फांदी खाली केली आणि नुसता बघत राहिलो. राग, वाद, गाव, काही आठवत नव्हतं. ती चढत चढत कड्याला भिडली आणि तिथं दगडावर विझून बसली.

मॅडमनी विचारलं, "सुरुवात कुठून झाली?"

सगळ्यांच्या माना माझ्या शेडकडे वळल्या. माझं रक्त उसळलं. मी मॅडमना सरळ त्या खोडापाशी नेलं. मातीचा थर तडकला होता, आत खोड पोकळ होऊन लालभडक पेटलेलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "माती म्या टाकली. राबावर टाकतो तशी. आग जगवायची माती टाकली, मारायला पानी पायजे व्हतं. हात सवयीनं गेला."

इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होतो.

"मग आबा, त्या वर्षीचा वणवा?"

"तो तुजाच."

माणसं हसायला लागली. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आबांनी ते सगळं ऐकून घेतलं, काळ्या पट्ट्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "म्होरल्या साली ह्यो रुंद कर. आन माज्या गोठ्याच्या वरनं ने."

"टँकर तुमचा."

"माजा कुटला टँकर?"

"मग माणसं आणि जेवण तुमचं. आणि गंज तुमची तुम्ही रचायची."

"जेवान देतो. गंज न्हाई."

"आधी हे खोड विझवा," मॅडम ओरडल्या.

टँकर आला होता. मी नळी धरली, आबांनी फावड्यानं माती बाजूला ओढली आणि पाणी पडताच आम्ही दोघंही वाफेत दिसेनासे झालो.