बाबांनी कॅबिनेटवर हात ठेवला

मित्रांनो, घरी अजून इंटरनेट नाही, म्हणून सायबर कॅफेतून लिहितोय. गेम खेळण्यासाठी एकेक भाग आणून जमवलेला माझा कॉम्प्युटर आज दुपारी जोडून झाला. प्रत्येक स्क्रू पुन्हा तपासून बटण दाबलं. स्क्रीन काळीच.

वाटलं, सगळं जळलं. शेजारच्या लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागाच्या, खडखडाटात कॉम्प्युटरच्या पंख्याचाही आवाज येईना.

माझे बाबा आयुष्यभर लूमवर होते. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून मशीन चालू आहे का, ते हात लावून बघतात. त्यांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर तळवा ठेवला.

"चालू हाय रे! रडतोस कशाला?"

मग दिसलं, मॉनिटरची वायर सैल होती. ती घट्ट केली आणि स्क्रीन उजळली.

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मशीन बरी हाय. तूच थरथरतोस अजून."

तुमचा पहिला कॉम्प्युटर सुरू झाला, तेव्हा शेजारी कोण होतं?